मालकाला तब्येत कशाला पाहिजे

"मालक तब्येत विचारून राह्यला ना बेटी, तर सांभाळून रहा. तब्येतीसाठी कोणी तब्येत विचारत नाही," असं आयशाबी मला म्हणाल्या होत्या.

आयशाबी आमच्या शेजारच्या. त्यांचे शकीलभाई आणि माझा नवरा धम्मदीप एकाच मालकाकडे. शकीलभाई यार्डात मेकॅनिक, धम्मदीप ट्रकवर ड्रायव्हर. त्या तांदूळ निवडत होत्या आणि मी प्रज्ञाला कडेवर घेऊन उभी होते. मी हसले. मी यवतमाळच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. डॉक्टर फुकट तपासून देतोय, लघवी, बीपी, डोळे, सगळं यार्डात येऊन, यात सांभाळायचं काय? "खाला, चांगलंच आहे की," म्हटलं मी. त्यांनी एक खडा काढून अंगणात फेकला.

त्या दिवसांत मी सगळ्याला घाबरायचे. प्रज्ञा सव्वा वर्षाची होती. तिच्या तापाला घाबरायचे, बोअरच्या पाण्याला, गल्लीतल्या कुत्र्याला, तिच्या हातात सापडणाऱ्या प्रत्येक बटणाला. घाबरले नाही ती एका शिबिराला, कारण त्याचा बॅनर लागला होता आणि बॅनरवर मालक हात जोडून उभा होता. खाली लिहिलं होतं, "चालक हाच आमचा परिवार".

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. पेपरात रोज आमचा जिल्हा असायचा. नागपूरहून, मुंबईहून गाड्या भरून लोक यायचे, वावरं दाखवा म्हणायचे, फोटो काढायचे आणि जाताना पांढरकवड्याला हायवेवर चहा प्यायला थांबायचे. ज्या टपरीवर ते चहा प्यायचे तिच्यासमोरच आमच्या मालकाचे ट्रक उभे असायचे. टायरच्या बुडाशी गवत उगवलेलं. त्यांचा फोटो कोणी काढला नाही. कापूस बाजारात येत नव्हता, जिनिंग एक पाळी चालायचं, दोन दिवस बंद असायचं. कापसाच्या गाठीच नाहीत तर हैद्राबादला न्यायचं काय? गाड्या कमी झाल्या, ड्रायव्हर तेवढेच राहिले. मालकाची अडचण ही होती. ती त्यानं सरळ सांगितली असती तर मी त्याला निदान माणूस म्हटलं असतं.

यार्डातल्या ऑफिसच्या भिंतीवर एक सागवानी फळी होती, तिला खिळे ठोकलेले. प्रत्येक ड्रायव्हरचा खिळा ठरलेला. दसऱ्याला ट्रकची पूजा व्हायची तेव्हा खिळ्यालाही हळदकुंकू लागायचं. सकाळी माणूस यायचा, आपल्या खिळ्यावरची किल्ली काढून कपाळाला लावायचा आणि गाडीकडे जायचा. रजेवर असला, आजारी असला, गावाला गेला असला तरी किल्ली खिळ्यावरच राहायची. कोणाला नोकरीवरून काढलं असं यार्डात कोणी म्हणत नसे. "त्याचा खिळा रिकामा झाला" म्हणायचे.

शिबिराच्या आधी मालकानं मुनिमाकडून सांगून ठेवलं की तपासणी करून घेणार नाही त्याला किल्ली मिळणार नाही. हा मुनीम नागोराव. मालक शिंकला की हा नाक पुसायचा.

ड्रायव्हर घाबरले. शुगरला नाही. शुगर हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. कोणीतरी उठवलं की आठवड्यामागे घेतलेली दारूसुद्धा लघवीत दिसते आणि खर्रा तर महिनाभर दिसतो. आमच्याकडे खर्रा न खाणारा ड्रायव्हर म्हणजे खेमसिंगभाऊ, एकटाच. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून रबर लावलेली ती पुडी बाकी सगळ्यांच्या खिशात असायची, धम्मदीपच्याही. मी धुण्याआधी खिसे तपासायचे ते नोटेसाठी नाही, त्या पुडीसाठी.

खेमसिंगभाऊ म्हणजे खेमसिंग राठोड, हायवेपलीकडच्या तांड्यावरचा. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, हाडापेराचा. दारू नाही, खर्रा नाही, शिवी नाही. सीटमागे निळी पाण्याची कॅन बांधलेली, ती रिकामी झाली की पुढच्या बोअरला गाडी उभी. "पाणी प्या बे, पाणी," तो पोरांना म्हणायचा, "तुमचं रगत घट्ट झालं खर्रा खाऊन." गेल्या वर्षात तो जरा वाळला होता. सगळे म्हणायचे, पाहा, या वयात पोट नाही. मीही म्हटलं होतं. धम्मदीपला दहादा ऐकवलं होतं, खेमसिंगभाऊसारखं पाणी पीत जा.

शिबिराच्या दिवशी मी डबा घेऊन गेलते. मंडप वजनकाट्याजवळ. डॉक्टर मालकाच्या साडूच्या ओळखीचा, गॉगल डोक्यावर ठेवून बसलेला. प्रत्येकाच्या हातात एक छोटी बाटली दिली होती. ती घेऊन माणसं काट्याच्या खोलीमागे जात होती आणि मी त्या खोलीच्या सावलीला प्रज्ञाला पाणी पाजत उभी होते. भिंतीपलीकडून आवाज येत होते.

"भाऊ, मले थोडी दे ना बापा."

"अरे एकाएकानं या. टँकर आहो का मी?"

"टँकरच हाय थो. सकायपासून दोन घागरी पेला."

"देवसिंग, तुझी बाटली भरली ना, सरक. धम्म्याले येऊ दे."

"भाऊ, तुमची पवित्र हाय. आमच्यात तर सोडावाटर निघन."

मोठं हसणं झालं. कळलं तेव्हा मलाही हसू आलं. धम्मदीप बाटली हातात धरून बाहेर आला, मला पाहून लाजला आणि मंडपात गेला. त्याच्यामागून आणखी पाच जण तसेच. सगळ्यांत शेवटी खेमसिंगभाऊ आला, रिकामी बाटली घेऊन. वाटून वाटून त्याच्यापुरतं उरलं नव्हतं. तो पुन्हा कॅनकडे गेला, घटाघटा प्यायला, आणि टेबलाशी जाऊन म्हणाला, "थोडं थांबा साहेब, येईलच."

डॉक्टरचं जेवण मालकाच्या घरी होतं. तो घड्याळ पाहू लागला. तेव्हा नागोराव म्हणाला, "साहेब, याचं काय तपासता? याले पाहूनच समजते. फिट लिहा." आणि डॉक्टरनं फिट लिहिलं.

आता विचार करा. त्या माणसानं ओळीनं सहा बाटल्यांत शुगरची पट्टी बुडवली, सहाही पट्ट्या एकाच गडद रंगाच्या निघाल्या, आणि त्याला काहीच वाटलं नाही. अकरावीच्या पोरीनं प्रयोगवहीत असं लिहिलं असतं तर आमच्या मॅडमनी वही तोंडावर फेकली असती. या माणसाला भूक लागली होती.

चार-पाच दिवसांनी सकाळी सगळे जमले तेव्हा नागोराव फळीसमोर सोनपापडीचा रिकामा डबा घेऊन उभा होता. एकेक नाव घेत होता, खिळ्यावरची किल्ली काढत होता आणि डब्यात टाकत होता.

"धम्मदीप. शुगर."

"देवसिंग. शुगर."

"किसनसिंग. शुगर. तू बी रे? काय खाऊन राह्यले तुम्ही लोकं?"

क्लीनर, हमाल, काट्यावर आलेले शेतकरी, चहावाला, सगळ्यांसमोर. मग कोणीतरी म्हणालं, गोड माणसं गोडाच्या डब्यात गेली. त्या दिवसापासून यार्डात त्यांचं नाव "सोनपापडी" पडलं. खेमसिंगभाऊची किल्ली जुन्या ड्रायव्हरांत एकटीच खिळ्यावर राहिली. नागोराव तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याले म्हणते तब्येत."

धम्मदीपला डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं. किती आहे, काय खायचं, काय नाही, एक शब्द नाही. माझ्या नवऱ्याच्या लघवीत काय आहे हे मालकाला माहीत होतं, मुनिमाला माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. त्याला स्वतःला ते सोनपापडीच्या डब्यातून कळलं.

दुपारपर्यंत वस्तीत पसरलं. माझ्या सासूबाई, सत्यशीला, त्यांनी कडुलिंब वाटायला घेतला आणि धम्मदीपच्या ताटातला भात काढून घेतला. अंगणवाडीच्या विमलताई रस्त्यात थांबल्या. तोंडभर काळजी.

"नाही म्हणजे, असंच विचारून राह्यले. घरात लागण्यासारखं काही नाही ना? तुमची प्रज्ञा येते ना आमच्याकडे खाऊला, म्हणून."

"शुगर लागत नसते, विमलताई."

"हो माय, शुगर नाही लागत. पण लोकं म्हणून राह्यले, ट्रकवाल्याचं शुगर म्हणते अन् असते दुसरंच."

मी प्रज्ञाला उचललं आणि घरी आले. दाराला आतून कडी घातली. लाज नव्हती ती. माझ्या मुलीच्या खाऊची वाटी एक परका माणूस कागदावर काहीतरी लिहून बाजूला सरकवू शकतो, हे मला पहिल्यांदा कळत होतं.

त्या संध्याकाळी धम्मदीप ओट्यावर बसून कडुलिंबाचा रस पीत होता. तोंड वाकडं करून म्हणाला, "पण यार, ते माझं नव्हतंच ना."

मी सकाळपासून रडत होते आणि हे मला आठवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी रक्त घेतलं, त्याला बाजूला बोलावून हळू आवाजात सांगितलं की काही नाही, अगदी चांगलं आहे. मला त्यांनी सांगितलं नाही. धम्मदीपकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, मग मला सांगितलं. एवढीशी गोष्ट. मी बायको असून मला त्यांनी त्याला विचारून सांगितलं. आणि बाहेर येऊन धम्मदीपनं केळी घेतली, प्रज्ञाला दिली, स्वतः दोन खाल्ली.

मी केळं सोलत असतानाच थांबले.

"काहून, काय झालं?" तो म्हणाला.

"तुझं चांगलं आहे. मग ज्याचं होतं त्याचं?"

खेमसिंगभाऊची पाण्याची कॅन. प्रत्येक बोअरला थांबणारी गाडी. वाळलेलं अंग. आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला दिवाळीपासून बांधलेली चिंधी, जिच्याबद्दल तो म्हणायचा की क्लचनं घासलं, बसून जाईल. आम्ही त्याची तहान पाहून त्याला निरोगी म्हणत होतो.

मी तांड्यावर गेले. काळीपिवळी जीपमधून उतरले तेव्हाच चार बाया जमल्या, कोण आली, पोरगी कोणाची, काय काम. खेमसिंगभाऊची बायको रामीबाई दारात होती. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या शेळ्या दाखवा, आमच्या सासूबाईंना एक घ्यायची आहे." सासूबाईंना शेळीची चीड. पण त्या बायांना शेळ्यांत रस नव्हता, त्या पांगल्या.

गोठ्यामागे मी सांगितलं. रामीबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच बाई, थो जिथं लघवीले बसते तिथं मुंग्या लागते. मी म्हटलं, जमीनच तशी असन."

आणि मग तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, "मालकाले समजलं का?"

काय होईल, बरं होईल का, काही नाही. मालकाले समजलं का. मी म्हटलं नाही. "मंग सांगू नको. एकच खिळा उरला आहे माय."

खेमसिंगभाऊ हैद्राबादची फेरी करून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. त्यानं इथल्या दवाखान्यात पाय ठेवला नाही. पुढच्या फेरीला आदिलाबादला उतरला, जिथं त्याला कोणी ओळखत नाही, तिथं रक्त दिलं, गोळ्या घेतल्या. चिंधीचा अंगठा नीट धुवून बांधून घेतला. आणि गोळ्या पाकिटातून काढून, खर्ऱ्याच्या पन्नीत बांधून, वर रबर लावून खिशात ठेवल्या.

यार्डात गंमत झाली. "भाऊ, लागला का शेवटी?" "या वयात सुरू केलं बापा." तो हसायचा, जेवणानंतर पुडी काढायचा, तोंड फिरवून गोळी टाकायचा आणि वर थोडा वेळ गाल फुगवून बसायचा, खर्रा धरल्यासारखा. जन्मभर ज्यानं खर्रा शिवला नाही त्याला लोकांनी व्यसनी म्हटलेलं चाललं, आजारी म्हटलेलं नाही. पण महिनाभरात तो सुधारला. कॅन दोन दिवस पुरू लागली. मी पाहत होते. मी सगळ्यांना पाहत असते, ही माझी खोडच आहे.

तिकडे सोनपापडीवाल्यांना गाडी नव्हती. दूरची देता येत नाही, जबाबदारी कोणाची, असं मालक म्हणायचा. जवळची नव्हतीच. आणि फळीवरच्या रिकाम्या खिळ्यांवर आठवडाभरात त्याच गाड्यांच्या दुसऱ्या किल्ल्या लागल्या. राज्याच्या सीमेपलीकडून आणलेली पोरं, निम्म्या पगारात, वाटेतल्या जेवणाची खुराकी नाही, तक्रार नाही. त्यांचं शिबिर झालं नाही. त्यांची लघवी मालकाला नको होती.

मी आधी डॉक्टरकडे गेले. म्हटलं, "तुम्ही माझ्या नवऱ्याची तब्येत मालकाला कशी सांगितली?"

"कॅम्प त्यांनी भरवला, मॅडम. रिपोर्ट त्यांचे."

"लघवीही त्यांचीच होती का?"

त्यानं गॉगल डोळ्यांवर घेतला. पुढचा पेशंट, म्हणाला.

मग मालकाकडे. धम्मदीपला बाहेर उभं केलं, सरकारी दवाखान्याचा कागद दाखवला. मालक पंख्याखाली बसून संत्रं सोलत होता. कागद हातात न घेताच वाचला.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. उद्या गाडी चालवता चालवता याले चक्कर आली, गाडी कोणाच्या अंगावर गेली, तर? मले विचारावं लागते."

"विचारा ना. डॉक्टरला एवढंच विचारा की हा माणूस गाडी चालवू शकतो की नाही. हो की नाही, एक शब्द. त्याला काय झालंय ते त्याचं आहे, तुमचं नाही. अन् डब्यात टाकून ओरडायचं तर कोणाचंच नाही."

"बरं." त्यानं एक फोड तोंडात टाकली. "पण मले एक सांगा. तेव्हा शुगर निघाली, आता निघत नाही. मग त्या बाटलीत कोणाचं होतं?"

मूर्ख नव्हता तो. मूर्ख असता तर बरं झालं असतं.

"मले तेवढं नाव सांगा," तो म्हणाला, "याची किल्ली याच्या खिळ्यावर. सगळ्यांच्याच लावतो. नाहीतर मी असं समजीन, की तुम्ही सहा जणांनी मिळून मले फसवलं."

मी म्हटलं मला माहीत नाही. दारात नागोराव उभा होता, त्याला टाळून बाहेर आले. शकीलभाई एका गाडीखाली आडवे पडले होते. तिसऱ्यांदा तेच ब्रेकचं लायनर ठोकून बसवत होते, नवं आणायला मालक पैसे देत नव्हता. गाड्यांची तब्येत त्यानं कधी विचारली नव्हती. दोन-दोन दिवस न झोपता ड्रायव्हर हैद्राबादहून यायचे तेव्हा कोणाला चक्कर येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी धम्मदीपला म्हटलं, "नाव सांगायचं नाही."

"मी कायले सांगू," तो म्हणाला.

पण घरात दूध अर्धं झालं होतं. सासूबाई नुसता डबा उघडून पाहायच्या आणि परत बंद करायच्या. देवसिंग, किसनसिंग रोज ओट्यावर येऊन बसायचे. "भाऊले काही होत नाही," किसनसिंग म्हणायचा, "त्याच्याशिवाय मालकाचं पानबी हालत नाही. त्याले थोडीच काढते." हा किसनसिंग खेमसिंगभाऊच्याच तांड्यावरचा. मी चहा ठेवायचे नाही, म्हणजे उठतील. उठायचे नाहीत.

एक दिवस धम्मदीप सकाळी गेला आणि दुपारी हसत आला. त्याचं हसू पाहूनच मला समजलं. मी विचारलंही नाही. त्यानं स्वतःच सांगितलं, "तू म्हणते तसं नाही. मालक चांगला बोलला. म्हणाला, माणूस आपलाच आहे, औषधपाणी करू."

"तू नाव सांगितलं. पुडीतल्या गोळ्यांचंही."

"पोरीचं दूध कोण आणीन? तुझी बी.एस्सी.?"

हे वाक्य त्याचं नव्हतं. ओट्यावरच्या लोकांनी त्याला ते तयार करून दिलं होतं, आणि त्यानं ते पाठ करून आणलं होतं. तरीही ते मला लागलं, आणि मी त्याच्याकडे त्या दिवशी जसं पाहिलं, तसं कोणत्या बायकोनं नवऱ्याकडे पाहू नये. मालकाची मला चीड होती. पण या माणसाच्या मुलीला मी वाढवत होते.

पुढचं मी पाहिलं नाही, शकीलभाईंनी पाहिलं आणि आयशाबींनी मला सांगितलं. खेमसिंगभाऊ फेरीवरून आला, किल्ली खिळ्यावर लावली. मालक स्वतः बाहेर आला. "खेमसिंग, खर्रा खाऊ घाल ना," म्हणाला. सगळे हसले. भाऊही हसला. मालकानं हात पुढे केलेलाच ठेवला. मग भाऊचं हसू गेलं. नागोरावनं त्याच्या खिशातून पुडी काढली, रबर सोडलं आणि पन्नी टेबलावर उलटी केली. पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. एक खाली पडली, ती कोणाच्या तरी चपलेखाली गेली.

"साऱ्या यार्डाले शुगर वाटत फिरला तू," मालक म्हणाला, "अन् मी तुले फिट समजून हैद्राबादले पाठवत होतो."

आयशाबी म्हणाल्या, त्यानं मालकाकडे पाहिलं नाही. रांगेत उभ्या असलेल्या आपल्या लोकांकडे पाहिलं. धम्मदीप, देवसिंग, किसनसिंग. एकेकाकडे. मग आपली निळी कॅन सोडून घेतली आणि गेटातून गेला. गोळ्या टेबलावरच राहिल्या.

आणि किल्ल्या? मालकानं शब्द पाळला. सोनपापडीचा डबा उघडला, सहाही किल्ल्या परत फळीवर लावल्या. खिळे कमी पडले, म्हणून एका खिळ्यावर दोन-दोन. पण गाडी कोणाला मिळाली नाही. "किल्ली लावली ना बापा," नागोराव म्हणायचा, "आता गाठी आल्या की गाडी." गाठी नव्या पोरांच्या गाड्यांत भरल्या जायच्या. महिनाभरानं धम्मदीपचं जाणं बंद झालं. आता तो दुसऱ्याचा ॲपे ऑटो चालवतो, राळेगावच्या वाटेवर. संध्याकाळी येतो, प्रज्ञाला खेळवतो. खर्रा सोडला आहे त्यानं. मी त्याला चांगलं म्हटलेलं नाही.

शिबिर पुढच्या वर्षीही झालं. बॅनर तोच, साल तेवढं रंगवून बदललं. पेपरात फोटो आला.

खेमसिंगभाऊ तांड्यावर आठ दिवस राहिला. लोक भेटायला यायचे आणि बसल्या बसल्या त्याच्या अंगठ्याकडे पाहायचे. मग तो एका सकाळी पाटणबोरीच्या नाक्यावर गेला आणि पलीकडच्या कोणा मालकाच्या ट्रकवर चढला. गोळ्या घेतल्या नाहीत. रामीबाईनं आदिलाबादचा कागद पुढे केला तेव्हा म्हणाला, "खिशात ठेवू तर कोणीतरी खिसा पाहीनच." बाजाराच्या दिवशी कधीकधी तो फाट्यावरच्या दुकानात फोन करतो. दुकानात दहा माणसं असतात. रामीबाई एवढंच विचारू शकते, "बरं आहे ना?" आणि तो एवढंच म्हणतो, "बरं आहे." गेल्या दोन बाजारांना फोन आला नाही.

ती आमच्याकडे येते. शेळी घेतली का म्हणून विचारते, सगळ्यांसमोर. मग आम्ही मागच्या दारी जातो.

म्हणून तुमच्यापैकी कोणी हैद्राबाद रोडनं जात असाल, आदिलाबादच्या पुढे, निर्मल, कामारेड्डीकडे, तर ट्रक उभे असतात त्या ढाब्यांवर जरा पाहा. उंच, वाळलेला माणूस, सीटमागे निळी कॅन. खर्रा खात नाही. डावा पाय जपून टाकतो. त्याला नावानं हाक मारलीत तरी चालेल. पण बाकीचं चारचौघात विचारू नका. गाडीच्या पलीकडच्या बाजूला न्या, जिथं कोणी ऐकणार नाही, आणि त्याला म्हणा, रामीबाईनं विचारलं, अंगठा काळा तर पडला नाही ना. तो बरं आहे म्हणेल. तुम्ही म्हणा, दाखव.